तुमचा रोट कोकोवाल्याने खाल्ला

म्हसावद, ता. शहादा
श्रावण शुद्ध त्रयोदशी

तीर्थस्वरूप राजेंद्रदादा यांस,

धाकट्या चुलत भावाने, म्हणजे हिलालने, आपलं डोकं तुमच्या पायांवर ठेवलं आहे असं समजावं. (पाय सुरतेत आणि डोकं इथं, त्यामुळे दोघांनाही त्रास नाही.) तुमच्या गुडघ्याचं दुखणं कमी आहे ना? वहिनींची साखर? सूनबाई आणि नातू सुखरूप असतील. इकडे कानबाईच्या कृपेने आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या काकू, ब्याऐंशीव्या वर्षीही घरातल्या सगळ्यांच्या चुका वेळच्या वेळी दाखवतात. फोन का केला नाही असं विचाराल. शनिवारी चार वेळा केला. तीनदा वाजून वाजून थांबला आणि चौथ्यांदा तुम्ही कापला. पत्राचं बरं असतं. ते मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच.

तर मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. सहा वर्षांनंतर यंदा कानबाईला तुमच्या नावाचा रोट झाला, आणि तो खाल्लाही गेला. तुम्ही नव्हतात. केरळातल्या एका कोको पिकवणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्याने तो खाल्ला. आता हातातला चहा खाली ठेवा आणि पुढचं शांतपणे वाचा.

(रोटाचा नियम तुम्हाला मी सांगायला नको. पण पत्र तुमच्या सूनबाईच्या हाती पडलं तर ती सुरतेचीच, तिला कळावं म्हणून लिहितो. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू-डाळ सुपात घालतात. ज्याचं नाव घेतलं त्याने 'ओ' म्हणायचं. ते सगळं घरच्या जात्यावर दळून त्याच्या जाड पोळ्या करतात, तेच रोट. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला घासभरही द्यायचा नाही आणि मागे काही उरवायचं नाही. नाही तर कानबाई रुसून उठते आणि त्या घरी पुन्हा बसत नाही असं म्हणतात. एवढं कळलं तरी सून निम्मी म्हसावदची झाली.)

सहा वर्षांपूर्वीचं मी काढत नाही. तुमची गाडी उशिरा आली, तुम्ही दारात पाय धुवेपर्यंत पंगत बसलेली होती, आणि तुम्ही आल्या पावली, पिशवीही न उघडता, परत स्टँडवर गेलात. 'बसा रे' असं त्या दिवशी कोण म्हणालं ते आता मला नीटसं आठवत नाही. बहुधा सुकलाल आप्पा असावेत. तेव्हापासून दरवर्षी काकू मुठी मोजताना तुमचं नाव घेते, थांबते, कोणीच ओ म्हणत नाही, आणि मग ती मूठ पुन्हा मडक्यात सोडते. त्या सोडलेल्या दाण्यांचा आवाज, दादा, फार मोठा असतो. असो. हे काढायचं नाही असं ठरवलं होतं.

आता कोकोवाला आमच्या घरी आला कसा. हुकमीचंद शेठ तुम्हाला आठवत असतील, आपली पपई घेणारे. पपईकडे पाहून असा सुस्कारा टाकतात की अत्यवस्थ पेशंटला बघायला आलेत असं वाटावं, आणि मग भाव सांगतात. त्यांची धाकटी नेहल पुण्यात शिकली आणि आता एका संस्थेत काम करते. संस्थेचं काम 'फेअर ट्रेड', म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त भाव मिळावा असा व्यापार. बापाचं दुकान एकीकडे आणि लेकीचं काम हे. शेठ मात्र लेकीच्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसतात आणि अभिमानाने सगळ्यांना सांगतात, "मन्ही पोर मन्हंच दुकान बंद कराले निंघनी शे, देखा!"

मारुतीच्या पाराजवळ तिने सभा घेतली. फलकावर कोकोच्या बागांचे फोटो दाखवले. दूरच्या देशात आपल्या शाळेच्या वयाची लेकरं कोयता घेऊन कोकोची फळं फोडतात, आणि ज्यांनी जन्मभर कोको पिकवला त्यांतल्या कित्येकांनी चॉकलेट कधी चाखलेलं नसतं, असं ती सांगत होती. मग तिने खऱ्या चॉकलेटच्या वडीचे सोळा तुकडे केले. हे दुकानदाराचे, हे कंपनीचे, हे जाहिरातीचे, हे गाडीभाड्याचे, असं म्हणत समोरच्यांना वाटत गेली. शेवटी एक तुकडा राहिला आणि तो पिकवणाऱ्याचा म्हणून माझ्यापुढे धरला. पण तोपर्यंत ऊन बरंच चढलं होतं, तो तिच्या बोटांनाच लागून राहिला आणि तिने रुमालाला पुसून टाकला. (सभेला एवढं चांगलं कोणीच समजावलं नव्हतं, आणि ते तिला ठरवून जमलं नसतं.) मला त्यावर रात्री... नाही, दुसऱ्या दिवशी शेतात पाणी देताना फार विचार आला. नैवेद्य देव नुसता हुंगतो आणि ताट पुजाऱ्याच्या घरी जातं, तसं पिकवणाऱ्याचं झालंय. फरक एवढाच की देवाला निदान हात तरी जोडतात.

तर आम्हा बारा पपईवाल्यांनी एकत्र यावं, म्हणून नेहलने केरळातल्या कोकोवाल्यांच्या गटातला एक माणूस चार दिवसांसाठी इकडे आणला. वर्कीभाऊ. साठीच्या आतबाहेरचे, पांढरं धोतर लुंगीसारखं नेसतात, हिंदी मोडकी पण प्रेमळ. त्यांची मोठी बहीण चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात पूर्वी नर्स होती, म्हणून नंदुरबारचं नाव ऐकताच ते यायला तयार झाले. उतरायचं कोणाकडे असा प्रश्न आला तेव्हा मी हात वर केला. कानबाईचा आठवडा आहे हे हात खाली घेतल्यावर लक्षात आलं. तुमच्या भावजयीने, प्रमिलाने, माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही, टपालखातं सरकारी आहे.

माणूस मात्र लाखातला. शुक्रवारी ओट्यावर बसून त्यांनी आपली हकीकत सांगितली. चार एकर डोंगरउतार, नारळ-सुपारीच्या सावलीत कोको. फळं फांदीला नाही, थेट खोडालाच लागतात, आमच्या पपईसारखीच. निम्मी तर झाडावरच्या खारीच खातात. उरलेली फोडून आतल्या पांढऱ्या गरासकट बिया केळीच्या पानांखाली आंबत ठेवायच्या, दर दोन दिवसांनी परतायच्या, मग वाळवायच्या, आणि वाळवायला पसरल्या की नेमका पाऊस. त्यांच्या वडिलांच्या वेळी एका वर्षी भाव असा पडला की घेणारा फिरकेचना. वडिलांनी स्वतःच्या हाताने सगळी झाडं तोडली. पुढे वर्कीभाऊंनी पुन्हा लावली. "क्यों लगाया?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "पेड़ का क्या गलती?" दादा, या उत्तरावर मी अजून अडकून आहे. गट झाल्यावर आता त्यांच्या बियांचं चॉकलेट त्यांच्याच नावाने निघतं. पहिली वडी त्यांनी आईला नेऊन दिली. म्हातारीने तोंडात घोळवली आणि म्हणाली, यासाठी तुझ्या बापाने एवढा जीव जाळला?

आता शनिवार. सकाळी काकू सूप पुढे घेऊन मुठी मोजायला बसली. आम्ही पुरुष मंडळी समोर ओळीने. वर्कीभाऊंना म्हटलं, तुम्ही नुसतं बघा. ते आपले माझ्या शेजारी मांडी घालून बसले. काकूला दिसतं कमी, ती आवाजावर चालते, हे तुम्हाला माहीत आहे. सुकलाल! ओ. सव्वा मूठ. हिलाल! ओ. सव्वा मूठ. असं करत सोळा नावं झाली. मग ती म्हणाली, "राजेंद्र." आणि थांबली. आम्ही सगळ्यांनी सवयीने माना खाली घातल्या. वर्कीभाऊंना वाटलं, एकेकाची हजेरी चालू आहे, सगळ्यांचं झालं, आता कोणी बोलत नाही आणि म्हातारी वाट पाहते आहे, म्हणजे नंबर आपला. परक्या घरी आपल्यामुळे खोळंबा नको, म्हणून त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "ओ!"

काकूचा हात मडक्यात गेला आणि सव्वा मूठ सुपात पडली. (माझ्या अंदाजाने दीड होती.) वर म्हणते, "आवाज घोगरा व्हयना रे भाऊ तुन्हा, सुरतनं पानी पी पी."

सुकलाल आप्पा उठून उभे राहिले. "वहिनी! तो राजेंद्र नही, पाहुना शे!"

"शे तं शे," काकू म्हणाली. "ओ पडना, मूठ पडनी. आते काय सूपमाईन एक एक दाना येचू?"

आणि खरंच, दादा, सोळा मुठींत मिसळलेले तुमचे दाणे वेगळे कसे काढायचे? आप्पांनी सुपात वाकून पाहिलंसुद्धा. मग नियमांची मांडामांड सुरू झाली. ज्याने ओ म्हटलं त्याचा रोट त्यानेच खाल्ला पाहिजे. परक्याने खाता कामा नये. उरता कामा नये. तीन नियम एकमेकांकडे पाहत बसले. काकूने त्यात चौथा घातला. माझ्या सुपात ज्याची मूठ पडली तो उपाशी गेला तर मीही जेवणार नाही, असं सांगून तिने त्या क्षणापासून पाण्याशिवाय काही घेणं बंद केलं. ब्याऐंशी वर्षांची बाई. आम्ही घाबरलो. सरळ उपाय एकच होता, तुम्ही रविवारी गाडी धरून यायचं आणि आपला रोट आपण खायचा. म्हणून ते चार फोन. (तुमचा दोष काढत नाही. चौथ्या फोनला मीही तुमच्या जागी असतो तर कापला असता.)

वर्कीभाऊंना काय झालं ते कळलं तेव्हा बिचारे पिशवी भरायला लागले. "माताजी मेरे कारण भूखा है," एवढंच म्हणत राहिले. मी त्यांना बसवलं. संध्याकाळी आणखी एक गोष्ट बाहेर आली. नेहल आली होती, तिने सगळं ऐकून घेतलं आणि आप्पांना समजवायला गेली. "आप्पा, प्रमिलाकाकूंचा खांदा दुखत होता म्हणून आज दुपारी अर्धं दळण वर्कीभाऊंनी जात्यावर ओढलंय. ज्याने दळलं त्यालाच खायला नाही, मी सभेत हेच तर दाखवत होते!" पोरीचा हेतू चांगला, पण आप्पांना दळणाचं माहीतच नव्हतं. ते भिंतीला टेकून खाली बसले. परक्याच्या हातचं पीठ! प्रमिला आतून म्हणाली, जात्याला कोणी कुळ विचारतं का. हुकमीचंद शेठ लेकीला न्यायला आले होते, ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "बेटा, आते कानबाईलेबी फेअर ट्रेडनं सर्टिफिकेट देशी का?" हसू आलं, पण हसलो नाही. काकू आतल्या खोलीत उपाशी होती.

रविवारी संध्याकाळी दिवा लागला. कानबाई चौरंगावर बसली, नारळाला नथ, डोळे, सगळं. रोट झाले, खीर झाली, गिलक्यांची भजी झाली. सतरा रोट. पंगतीला सोळा. आप्पा म्हणाले, सतरावा गाईला घालू. तेव्हा काकू बाहेर आली. दीड दिवसाच्या उपासाने चेहरा उतरलेला, पण आवाज तसाच. आप्पांसमोर उभी राहून तिने शांतपणे विचारलं.

"सुकलाल, तुले टायफाईड व्हयना त्या सालले तुन्हा रोट कोनी खादा व्हता?"

आप्पा टोपी सारखी करू लागले.

"कोनी खादा, सांग."

"बैलनी," आप्पा हळूच म्हणाले.

"ढवळ्या बैलनी. तुन्हा बापनी त्याले सारंगखेडाना बाजारमाईन आनेल व्हता. तो बैल कोन्ता कुळना व्हता रे?"

पंगतीतल्या पोरांना हसू आवरेना. आप्पा म्हणाले, "तो घरना बैल व्हता, वहिनी. घरमा राबे तो."

"मंग हाऊ बी राबना. अर्ध दयन त्यानी वढं." एवढं बोलून काकूने वर्कीभाऊंचा हात धरला आणि त्यांना तुमच्या पाटावर बसवलं, माझ्या उजव्या हाताला, तुम्ही बसायचा तिथे. मी डोळे मिटून कानबाईला विचारलं, आई, चालेल का? तिने काही उत्तर दिलं नाही. ती सहसा देत नाही. पण नारळ हलला नाही, दिवा फडफडला नाही, आणि आप्पा तर जेवताना पूर्ण वेळ नारळाकडेच पाहत होते, त्यामुळे या बाबतीत त्यांची साक्ष पक्की. वर्कीभाऊंनी खाण्याआधी कपाळावर, छातीवर त्यांची खूण केली आणि तुमचा रोट शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. मग काकू जेवली. तिने दोन रोटांएवढं जेवण केलं हेही लिहून ठेवतो, तुम्ही तब्येतीची काळजी कराल म्हणून.

पंगत उठल्यावर वर्कीभाऊंनी पिशवीतून त्यांच्या गटाच्या चॉकलेटची मोठी वडी काढली. प्रवासात ती वितळून पुन्हा घट्ट झाल्याने तिला मातीच्या ढेकळाचा आकार आला होता. ते वाटायला लागले तर काकूने हात पुढे करून थांबवलं. रोट पुरुषांच्या नावाचे झाले, आता हे बायांच्या नावाचं करा, म्हणाली. आणि सूप पुढे घेतल्यासारखी बसून तिने हाक मारली, "प्रमिला!" दादा, प्रमिला भांडी घासत होती. तिला कळेचना. अठ्ठावीस वर्षांत त्या चौरंगापुढे तिचं नाव कोणी घेतलेलं नव्हतं. तिने हात पदराला पुसले आणि "ओ" म्हणाली, पण इतक्या हळू की काकूला पुन्हा हाक मारावी लागली. सगळ्या बायांना एकेक तुकडा, सगळे सारखे. आम्हा पुरुषांना कागदाला लागलेलं मिळालं. आप्पांनी बोट चाटून "जळेल भाकर शे" असा निकाल दिला आणि कागद मात्र परत केला नाही. काकूने तुकडा बराच वेळ तोंडात ठेवला. कडू शे, म्हणाली, पन खोटं नही.

वर्कीभाऊ मंगळवारी गेले. आमच्या बारा जणांचा गट करायचं ठरलं आहे. शेठ म्हणतात, भाव तुम्ही ठरवा, सुस्कारा टाकायचं तेवढं माझ्याकडे राहू द्या.

तर झालेली हकीकत ही अशी. तुमच्या नावाचा रोट परक्याने खाल्ला म्हणून भाऊबंदांत कोणी तुम्हाला फोन करून भडकवलं तर एवढंच सांगावं की, मीच हिलालला तसं सांगितलं होतं, माझ्या जागी पाहुण्याला बसव. खोटं बोलायला सांगतो आहे, पण कानबाईला मी आधीच सांगून ठेवलंय. वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

तुमचा आज्ञाधारक,
हिलाल

ता. क. तुमच्याही नावाचा चॉकलेटचा एक तुकडा काकूने बाजूला काढून कोनाड्यात ठेवला होता. तो पार्सलने पाठवणार होतो. मुंग्यांनी भाऊबंदकी विचारली नाही.

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी काकूला वाचून दाखवलं. 'काकूला दिसतं कमी' या ओळीवर ती खुदकन हसली. ते मी जुन्या सवयीने लिहून गेलो; लिहायचं राहिलं की वैशाखात शिबिरात तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आता सुईत दोरा स्वतः ओवते आणि खिडकीतून स्टँडवर कोण उतरलं ते सांगते. मी म्हटलं, काकू, मग ओ कोण म्हणालं ते तुला दिसलं नाही? ती म्हणाली, "दिसनं ना, चांगलं दिसनं. सहा सालफाईन मी एक ओ ऐकासाठे बठेल शे. कोना का व्हयना." मी पुन्हा पेन उघडलं.

ता. क. आणखी एक, आणि खरं म्हणजे पत्र यासाठीच होतं. त्या वर्षी 'बसा रे' आप्पा म्हणाले नव्हते. मी म्हणालो होतो. मला भूक लागली होती. पंधरा मिनिटं थांबता आलं असतं. पुढच्या श्रावणात तुम्ही पाटावर येऊन बसेपर्यंत पंगत उभीच राहील, गाडी दुसऱ्या दिवशी आली तरी. पण लवकर कळवा, कारण वर्कीभाऊंनी काल फोनवर पुढच्या वर्षीचं तिकीट खुलताच काढणार असल्याचं सांगितलंय, आणि ओ म्हणायचा सराव ते आतापासून करताहेत.